शुभवर्तमान

जुन्या पत्रांत 'इकडील वर्तमान' सर्रास भेटतं. संस्कृत 'वृत्' म्हणजे असणे, घडणे. त्यावरून 'वर्तमान' म्हणजे चालू काळ आणि मराठीत शिवाय खबरबात. 'वर्तमानपत्र' त्यातलंच. ग्रीक 'इव्हांगेलिऑन', म्हणजे चांगली बातमी, मराठी ख्रिस्ती मंडळींच्या तोंडी 'शुभवर्तमान' झालं. मला हा शब्द 'धर्मप्रचारा'पेक्षा जवळचा वाटतो; ओसरीवर बसून प्रचार कोण करतो? वर्तमान मात्र सांगितलं जातं. अहमदनगरहून १८४२ साली 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं, पण ते वाचणार किती? म्हणून हे वर्तमान ऐकवायला कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी ना. वा. टिळकही पुढे नगरला राहून कीर्तनं करत, अभंग रचत.