सहा मेगापिक्सेल

२०१९च्या ऑगस्टमध्ये मामाचा सांगलीतला फोटो स्टुडिओ पाण्यात गेला. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर होतं. मामाच्या दुकानात ते छताला टेकायचं बाकी होतं. ओसरल्यावर आम्ही निगेटिव्हची कपाटं उघडली तर आत चिखलात चिकटलेल्या पट्ट्यांचे गठ्ठे होते. फिल्मवरचं चित्र जिलेटिनच्या थरात असतं, आणि जिलेटिन पाण्यात फुगतं. एक पट्टी दुसरीपासून सोडवायला गेलं की दोन्ही लग्नं हाताला लागायची. दोन दिवस प्रयत्न करून मामाने सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकलं.

वाचल्या दोन गोष्टी. एक हार्ड डिस्क, जी मी आदल्या दिवाळीत कॉपी करायला म्हणून पुण्याला आणून विसरलो होतो. आणि घरच्या माळ्यावरचा एक रुपेरी प्लास्टिकचा कॅमेरा, कॅनन ३००डी. तो मामाने मला देऊन टाकला. दोन वर्षांनी मुंबईला फोर्टात बोरा बाजारातून मी एक जुना निकॉन डी७० विकत घेतला, तोही मुख्यतः एका भांडणासाठी. मामाच्या समोरच्या स्टुडिओवाल्याकडे डी७० होता, आणि 'मी तेव्हा चुकलो' हे मामाचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. चुकला होता का, ते मला बघायचं होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९१ साली कोडॅकने निकॉन एफ३ला १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर जोडून पहिला विकाऊ डिजिटल एसएलआर आणला. त्याची साठवणपेटी वेगळी, खांद्याला लटकवायची. किंमत अशी की वृत्तसंस्थांशिवाय कोणी नाव काढू नये. १९९९मध्ये निकॉनचा डी१ आला, २.७ मेगापिक्सेल, पाच हजार डॉलरच्या वर. तोही वर्तमानपत्रांसाठीच. गावोगावच्या लग्नाच्या फोटोग्राफरला यातलं काहीच लागू नव्हतं. त्याच्याकडे फिल्म होती, लॅब होती, आणि रोलच्या ३६ फोटोंत हळद ते वरात बसवायची शिस्त होती.

२००३च्या ऑगस्टमध्ये कॅननने ३००डी जाहीर केला. नुसता कॅमेरा ८९९ डॉलर, १८-५५ लेन्ससकट ९९९. हजार डॉलरच्या आतला हा पहिला डिजिटल एसएलआर. अमेरिकेत त्याचं नाव डिजिटल रेबेल, जपानमध्ये किस डिजिटल. आत ६.३ मेगापिक्सेलचा सीमॉस सेन्सर, आणि तो सेन्सर त्याच वर्षी आलेल्या १०डीमधलाच. १०डी १४९९ डॉलरचा. म्हणजे फोटो तोच, किंमत बरीच कमी. मग बाकीचे पैसे कशाचे? काही दिसत होतं: मॅग्नेशियमऐवजी प्लास्टिक, व्ह्यूफाइंडरमध्ये काचेच्या प्रिझमऐवजी आरसे. आणि काही दिसत नव्हतं. ते फर्मवेअरमध्ये होतं.

कॅननने ३००डीमधल्या काही सोयी बंद करून ठेवल्या होत्या. फ्लॅशचा प्रकाश कमी-जास्त करायची सोय नाही. आयएसओ ३२०० नाही. फोकस एकदाच धरायचा की हलत्या माणसामागे ठेवायचा, हे कॅमेरा स्वतः ठरवणार. पुढच्याच वर्षी एका रशियन प्रोग्रामरने बदललेलं फर्मवेअर इंटरनेटवर सोडलं आणि यातल्या बऱ्याचशा गोष्टी त्याच कॅमेऱ्यात जिवंत झाल्या. एकही स्क्रू न उघडता. यंत्र ते काम करू शकत होतंच, त्याला फक्त तसं करू नकोस म्हणून सांगितलेलं होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. फीचर फ्लॅग लावून एकाच कोडच्या तीन किमती करणं हे आमचं रोजचं काम आहे, त्यामुळे कॅननवर रागवायचा मला फारसा हक्क नाही. पण मामाने २००४-०५ मध्ये काढलेले फोटो पाहिले की राग येतो. त्यांत चेहरे पांढरेफटक आहेत. फ्लॅश जवळच्या माणसावर जास्त पडायचा आणि तो कमी करायचं बटण नव्हतं. मामाने त्यावर शोधलेला उपाय म्हणजे फ्लॅशवर रबरबँडने बांधलेला पांढरा रुमाल. लग्नात लोक हसायचे. ज्या सोयीसाठी हा रुमाल होता ती त्याच्याच हातातल्या डब्यात कुलूप लावून पडली होती, आणि कुलूप उघडून देणारी फाइल फुकट मिळत होती. पण त्याला ते सांगणार कोण? त्याच्या ओळखीत सायबर कॅफेत जाणारे लोक निकाल बघायला जायचे.

निकॉनने डी७० जाहीर केला २००४च्या जानेवारीत, ९९९ डॉलरला, लेन्सशिवाय. मामाने तोवर ३००डी घेतला होता, कर्ज काढून. वर आणखी एक गोष्ट केली होती: आपला एफएम२ आणि त्याच्या तीन निकॉन लेन्स विकून टाकल्या होत्या, कारण कॅननवर त्या बसणार नव्हत्या. 'मी चुकलो'मध्ये मुख्य हळहळ या लेन्सची होती. निकॉनचा एफ माउंट १९५९पासूनचा, त्यामुळे त्या लेन्स डी७०वर बसल्या असत्या हे खरं. पण तशा हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्सवर डी७०चा मीटर चालतच नाही. प्रकाशाचा अंदाज डोक्यानेच घ्यावा लागतो. हे मी मामाला करून दाखवलं. तो म्हणाला, "डोक्यानंच घेतला असता की. तीस वर्षं काय केलं मग?"

दोन्ही कॅमेरे शेजारी ठेवून चालू केले की पहिला फरक लगेच कळतो. डी७०चा स्विच फिरवला की तो तयार. ३००डी जवळजवळ तीन सेकंद विचार करतो. तीन सेकंद म्हणजे किती, हे अंतरपाटाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मंगलाष्टकं संपतात, 'सावधान' होतं, अंतरपाट खाली जातो, अक्षता उडतात, माळा पडतात, आणि हे सगळं परत होत नाही. ३००डी सेकंदाला अडीच फोटो काढतो, पण सलग चारच. पाचव्याला बटण दाबलं तरी काही होत नाही, आधीचे कार्डवर उतरेपर्यंत थांबायचं. डी७० सेकंदाला तीन काढतो आणि जेपेगमध्ये दमत नाही. मामाच्या अल्बममध्ये त्यामुळे अक्षतांचे फोटो नेहमी चार. तो ते जपून खर्च करायचा. वधूने मान खाली घातली की एक, अक्षता हवेत असताना एक, आणि माळांना दोन. सलग पाहिले तर फार चांगले फोटो आहेत ते, पण हे मी त्याला सांगितलेलं नाही.

डी७०चा दुसरा खरा फायदा उन्हातला. साधारण एसएलआरमध्ये सेन्सरपुढे दोन पडदे एकामागून एक सरकतात. वेग वाढला की पूर्ण सेन्सर एकाच वेळी उघडा असा क्षणच येत नाही आणि फ्लॅश अर्ध्याच फोटोवर पडतो. ३००डीमध्ये ही मर्यादा सेकंदाचा दोनशेवा भाग आहे. डी७०चा सेन्सर सोनीने बनवलेला सीसीडी, त्याला विजेनेच उघडझाप करता येते, म्हणून मर्यादा पाचशेवा भाग. मे महिन्यात भर दुपारी मांडवाबाहेर फ्लॅश मारणाऱ्याला हा फरक पगारवाढीसारखा आहे. या युक्तीची किंमतही आहे: चौकटीत सूर्य आला की चित्रावर वरपासून खालपर्यंत पांढरा पट्टा उमटू शकतो.

मामाला मात्र मी एक गोष्ट दाखवली ज्यावर तो खूश झाला. सेन्सरपुढे एक गाळणी असते, ती चित्र किंचित मऊ करते. डी७०मध्ये ती हलकी ठेवली होती. म्हणून फोटो करकरीत दिसतात, पण बारीक विणीच्या कापडाचे धागे आणि पिक्सेलच्या रांगा एकमेकींत अडकून नसलेले रंगीत पट्टे उमटतात. आईची एक बारीक चौकड्यांची साडी खिडकीत टांगून मी दोन्हींनी फोटो काढले. निकॉनच्या फोटोत साडीवर इंद्रधनुष्य. कॅननच्या फोटोत साडी. "म्हणजे समोरच्याला शालू धड यायचे नाहीत," मामा म्हणाला. शालूचं मी पाहिलेलं नाही, पण मी हो म्हटलं. १६०० आयएसओलाही कॅननचं चित्र जरा स्वच्छ आहे. डोळे बारीक करून बघावं लागतं, इतकंच.

आता त्या हार्ड डिस्कबद्दल. तीत जवळपास सगळ्या जेपेग आहेत, मामा रॉ कधी काढायचा नाही. अपवाद एका फोल्डरचा: मे २००५, धाकट्या मावशीचं लग्न. दुकानातल्या पोराने सेटिंग बदललं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. कार्डं भराभर भरली, घरी आल्यावर फाइल उघडेनात, आणि घरच्याच लग्नात असं झालं म्हणून मोठं भांडण झालं. या सीआरडब्ल्यू फाइलींच्या पोटात एक मधल्या आकाराची जेपेग असते. कॅमेऱ्यासोबतच्या सॉफ्टवेअरने ती बाहेर काढून मामाने कसाबसा अल्बम केला. मूळ फाइली तशाच राहिल्या.

आजीचा नीट असा शेवटचा फोटो त्याच फोल्डरमध्ये आहे. अल्बममध्ये तिचा चेहरा फ्लॅशने जळालेला. रुमाल त्या दिवशी सुटला असणार.

रॉ फाइल म्हणजे चित्र नव्हे. प्रत्येक पिक्सेलने फक्त लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजलेला असतो, १२ बिटांत, म्हणजे ० ते ४०९५. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६च्या पेटंटात मांडलेली ही जाळी दोन्ही कॅमेऱ्यांत आहे. बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरायचे, आणि हा अंदाज २००५मध्ये कॅमेऱ्यातल्या चिपने जसा केला त्याहून आज बराच चांगला करता येतो. आपापले फॉरमॅट कंपन्यांनी कधी उलगडून सांगितले नाहीत. ते वाचता येतात याचं मोठं श्रेय डेव्ह कॉफिन यांचं. १९९७पासून ते डीसीरॉ नावाचा प्रोग्राम एकाच सी फाइलमध्ये लिहीत गेले, एकेका कॅमेऱ्याची भाषा उलगडत. आजची बरीच सॉफ्टवेअरं त्यावर उभी आहेत. २००५मध्ये निकॉनने काही नव्या मॉडेलांत व्हाइट बॅलन्सची माहिती कूटबद्ध केली, तेव्हा तेही त्यांनी सोडवलं. डी७० त्यातून सुटला होता. कॅमेरा आपण विकत घेतो, पण त्यातून निघालेली फाइल वाचायला परक्या माणसाची मदत लागते, हे मला आजही विचित्र वाटतं.

आजीची फाइल उघडली. जेपेगमध्ये जिथे नुसता पांढरा रंग होता तिथे आकडे होते, ३७००, ३८५०, असे. एक्स्पोजर खाली ओढलं तसा चेहरा आला. गालावरच्या सुरकुत्या, नथ, डाव्या भुवईवरचा व्रण. मांडवाचं कापड लाल होतं, त्याची झाक व्हाइट बॅलन्स बदलून घालवली. कपाळाचा एक रुपयाएवढा भाग आला नाही. तिथे तिन्ही रंग काठोकाठ भरलेत, तिथून काढण्यासारखं काही नाही.

लॅपटॉप घेऊन सांगलीला गेलो. मामाने चष्मा वर-खाली करत बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "बारा बाय अठरा होईल का?"

३०७२ पिक्सेल भागिले अठरा. इंचाला १७० पडतात. भिंतीवर लावायला चालेल, म्हटलं.

"मग कपाळ तेवढं रंगवून घे," तो म्हणाला. मी म्हटलं, नको, आहे तसंच राहू दे. यावर आमचं अजून ठरलेलं नाही.