हंड्याच्या खेपांपासून मीटरच्या आकड्यांपर्यंत



आमच्या गावात घरोघरी नळाला मीटर बसले आणि पाठोपाठ पहिली बिलं आली. त्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते बाजूलाच राहिले. प्रत्येकीच्या हातात बिल होतं. आमच्यातल्या एका ताईंच्या बिलावर दोन महिन्यांचे ४६ युनिट लागले होते. शेजारणीचे १६. दोन्ही घरांत माणसं चार-चारच. वसुलीला आलेल्या माणसानं ताईंना सुनावलं, "मीटर खोटं बोलत नाही. भरा, नाहीतर नळ तुटेल." घरातले म्हणाले, "मीटरच उपटून टाकू." ग्रामसभेत सगळ्याच गावाचे मीटर काढायचा ठराव येणार, अशी कुजबुजही सुरू झाली.

ठरावाला हात वर करण्याआधी हे मीटर आणि ही पट्टी आली कुठून, ते आपण समजून घेऊ, असं आम्ही ठरवलं. त्यातून जे कळलं, ते आज सांगतो.

पाण्याला पैसे पडत नव्हते, असं आपल्या सासवा सांगतात. ते खरं आहे, पण पाणी फुकट होतं असं नाही. चार माणसांच्या घराला दिवसाला २२० लिटर पाणी धरा. हंडा साधारण १५ लिटरचा. म्हणजे रोज १५ हंडे. आड जवळ असेल तर ठीक, लांब असेल तर सगळी सकाळ खेपांत जायची. त्या खेपा कुणी वहीत लिहिल्या नाहीत. पाण्याची किंमत बाईच्या मानेनं आणि कमरेनं मोजली, म्हणून ती घराच्या हिशेबात कधी दिसली नाही.

दुसरी किंमत याहून कठीण होती. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणलं गेलं. जमिनीखालून बांधीव मार्गानं ते पेठांतल्या हौदांत यायचं. काम नामी होतं. पण हौदावर कुणी घागर बुडवायची आणि कुणी लांब उभं राहायचं, हे जात ठरवायची. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. पुढे १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे ठरले. महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी कागदावरचं पाणी ओंजळीत येईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी त्या तळ्याचं पाणी प्यायलं, आणि त्यासाठी मारही खाल्ला. कोर्टातला शेवटचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं.

हे आज सांगायचं कारण असं, की आपल्या नावाचा नळ आणि आपल्या नावाचं बिल ही गोष्ट लहान नाही. बिल म्हणजे या पाण्यावर आपला हक्क आहे याची लेखी नोंद. ज्याची नोंद असते, त्याला विचारायचा अधिकार असतो.

आता नळाकडे येऊ. मुंबईत १८६० साली विहार तलावाचं पाणी नळानं आलं. विहिरीत पाणी किती उरलं ते डोकावलं की कळतं. नळाचं तसं नाही. पाणी नजरेआड, जमिनीखालून येतं. वाटेत किती मुरलं, कुणी किती ओढलं, काही दिसत नाही. तिकडे इंग्लंडात त्याच सुमारास, १८५० नंतर, सीमेन्स नावाच्या इंजिनिअरनं पाण्याचं मीटर तयार केलं. आत एक लहान चक्र. पाणी वाहिलं की चक्र फिरतं, आणि त्याच्या फेऱ्यांवरून आकडे पुढे सरकतात. आपल्या नळावर आज जी डबी आहे, तिच्यापैकी बहुतेकांचं काम त्याच तत्त्वावर चालतं.

आपल्या खेड्यांत मात्र मीटर यायला फार वेळ लागला. १९७२ च्या दुष्काळात आड आटले. त्या काळात गावोगाव बोअर आणि हातपंप आले. साधे हातपंप लवकर मोडायचे. तेव्हा सोलापूरकडे एक दणकट पंप तयार झाला होता. त्याच्याच धर्तीवर पुढे 'इंडिया मार्क टू' हा हातपंप बनला आणि देशभर गेला. हातपंपाला बिल नव्हतं, पण दांडा बहुतेक आपल्याच हातात होता.

नळयोजना आल्या तशी पाणीपट्टी आली. 'पट्टी' हा शब्द मराठेशाहीच्या वसुलीच्या कागदांतला, जुना. ग्रामपंचायतींचा १९५८ चा कायदा पंचायतीला पाणीपट्टी बसवायचा अधिकार देतो. म्हणून आपल्या पावतीवर 'सामान्य पाणीपट्टी' किंवा 'विशेष पाणीपट्टी' असं लिहिलेलं असतं. सामान्य म्हणजे गावच्या पाणवठ्यापोटी सगळ्यांनी द्यायची, विशेष म्हणजे घरात नळ असेल त्यांनी द्यायची. ही पट्टी वर्षाची ठोक असायची. दोन माणसांच्या घराला जेवढी, तेवढीच गोठा आणि बाग असलेल्या वाड्याला. पाणी वाया गेलं तरी आकडा तोच. त्यामुळे गळतीकडे बघायची कुणाला गरजच वाटत नव्हती. पंपाचं वीजबिल, टीसीएल पावडर, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार, हे सगळं मात्र वाया गेलेल्या पाण्यावरही होतच होतं.

सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरनं याला वेगळी वाट काढली. तिथं नव्या जलवाहिन्या टाकल्या, प्रत्येक घराला मीटर बसवलं आणि २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू केलं. दर टप्प्याटप्प्यानं चढता ठेवला, म्हणजे गरजेपुरतं वापरणाऱ्याला कमी आणि जास्त वापरणाऱ्याला जास्त. नळाला कधीही पाणी येणार म्हटल्यावर भांडी, पिंपं भरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून ओतून द्यायची गरज राहत नाही.

१५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं. माणशी रोज ५५ लिटर हा त्याचा हिशेब. म्हणजे चार माणसांना २२० लिटर, आपले तेच १५ हंडे! गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा बायकांच्या, हेही त्यात आहे. आमच्या समितीत बायकांची नावं होती. पण सह्या घरी येऊन घेतल्या जायच्या आणि आम्ही त्या देत होतो. हा दोष आमचा, तो कबूल केलाच पाहिजे.

आता ताईंच्या बिलाकडे येतो.

एक युनिट म्हणजे १००० लिटर. बिलावर मागची नोंद ११२ आणि आताची १५८ होती. वजा केले तर ४६. म्हणजे दोन महिन्यांत ४६ हजार लिटर, रोज साधारण ७६६. चार माणसं एवढं पाणी वापरतील कशी?

आमच्याकडे सकाळी दोन तास पाणी येतं. पाणी सुटल्यावर आम्ही चौघी त्यांच्या घरी गेलो. आधी मीटर तपासलं. २० लिटरचा कॅन पाच वेळा भरला. मीटर १०० लिटरच पुढे गेलं. म्हणजे मीटर बरोबर होतं. मग घरातले सगळे नळ बंद केले आणि मीटरसमोर १५ मिनिटं बसलो. काळे आकडे युनिटांचे, लाल आकडे त्याखालच्या लिटरचे. नळ बंद असून लाल आकडे सरकत होते! १५ मिनिटांत ६० लिटर. तासाला २४०, दोन तासांत ४८०. साठ दिवसांचे जवळजवळ २९ युनिट नुसते जमिनीत.

मोरीमागं अळू भर उन्हात तरारलेलं होतं. ताई म्हणाल्या, "मला वाटायचं, माझा हात चांगला आहे." तिथंच उकरलं, तर फरशीखालचा जोड सुटलेला. जोड बदलला. पुढच्या बिलात १७ युनिट आले.

मीटर खरं बोलत होतं, आणि ताईही खरंच बोलत होत्या. फक्त त्यांनी पाणी वापरलं नव्हतं, ते गळलं होतं.

पण मीटरच्या अलीकडची, म्हणजे टाकीपासून आपल्या दारापर्यंतची गळती कुणाच्याच बिलात दिसत नाही. ती गावाच्या खर्चात मुरते. त्याचा हिशेब आपल्याला येतो. गटात आपण पासबुकांची बेरीज आणि पेटीतली रक्कम जुळवतो ना? तसंच टाकीवरच्या मोठ्या मीटरचा आकडा घ्यायचा, घराघरांच्या मीटरची बेरीज त्यातून वजा करायची. उरेल ते गळालेलं, चोरीचं किंवा न मोजलेलं पाणी. ग्रामसभेत आम्ही एवढंच म्हटलं, "मीटर काढू नका, टाकीवरही बसवा." ठराव तसा झाला. आता सह्या करायला आम्ही बैठकीला जातो.

तुम्हीही उद्या पाणी सुटलं की एवढं करा. नळ बंद करून १५ मिनिटं मीटर बघा. ठिबकणाऱ्या नळाखाली वाटी ठेवा. १०० मिलिलिटरची वाटी १० मिनिटांत भरली, तर चोवीस तासांत १४ लिटर जातात, म्हणजे जवळजवळ एक हंडा. नळ कोरडा असताना पाइपातली हवा सुटून आकडे फिरताना दिसले, तर वेळ लिहून समितीला सांगा. आणि दर महिन्याच्या बैठकीत बचतीच्या वहीतच एक रकाना आखून प्रत्येकीच्या मीटरचा आकडा लिहा.

आपल्या आज्यांच्या खेपा कुणी लिहिल्या नाहीत. आपल्या घरचं पाणी आता आपल्याच हातानं लिहूया.