खरकट्या पाण्यातलं भौतिकशास्त्र

पेट किंवा नेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "संशोधनाला विषय सुचतो कुठून?" उत्तर म्हणून आज एक इतिहास सांगते.

ॲग्नेस पॉकेल्सचा जन्म १८६२ सालचा, व्हेनिसमधला. पण तिचं आयुष्य गेलं जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात. शाळेत असतानाच तिला भौतिकशास्त्राची गोडी लागली. मात्र त्या काळी तिथल्या विद्यापीठांत मुलींना रीतसर प्रवेश नव्हता. धाकटा भाऊ फ्रीड्रिश गटिंगनला शिकायला गेला, आणि ॲग्नेस आजारी आईवडिलांची शुश्रूषा करत घर सांभाळत राहिली. भाऊ पुस्तकं पाठवायचा, ती वाचायची.

घर म्हटलं की भांडी आलीच. आमटीवर येतो तसा तेलाचा तवंग खरकट्या पाण्यावरही येतो, हे तुम्हीही रोज बघता. घरच्यांच्या आठवणीप्रमाणे, सगळे जे पाणी घाईघाईने ओतून देतात, त्याच्याकडे ही मुलगी बघत राहिली. तेव्हा ती अठरा-वीस वर्षांची होती.

आता नीट लक्ष द्या, कारण खरं संशोधन इथे सुरू होतं. नुसतं बघून ती थांबली नाही. तिने पत्र्याची एक लांबट पन्हळ घेतली: ७० सेंटिमीटर लांब, ५ रुंद, २ उंच. ती काठोकाठ पाण्याने भरली आणि वर पत्र्याची पट्टी आडवी ठेवली. पट्टी सरकवली की एका बाजूचा पृष्ठभाग आकसतो, दुसऱ्या बाजूचा पसरतो. किती, ते मोजपट्टीवर वाचायचं. पृष्ठताण, म्हणजेच सरफेस टेन्शन, मोजायला तराजूला टांगलेली ६ मिलिमीटर व्यासाची एक चकती. ती पाण्यावरून उचलायला किती जोर लागतो, ते बघायचं. बस्स, एवढंच उपकरण.

या पट्टीचा आणखी एक उपयोग होता. पाण्यावरचा मळ तिनेच एका बाजूला लोटता येई आणि मागे स्वच्छ पृष्ठभाग मिळे. पाण्याला जरासा मळ लागला तरी आकडे बिघडतात, हीच तर या प्रयोगांची मुख्य अडचण होती. पॉकेल्सला दिसलं ते असं: पाण्यावर मळाचा अगदी विरळ थर असेल, तर पृष्ठताण जवळपास स्वच्छ पाण्याइतकाच राहतो. पट्टीने तो थर दाबत गेलं, की एका ठरावीक क्षेत्रफळानंतर मात्र ताण झपाट्याने उतरतो.

जवळजवळ दहा वर्षं हे काम घरातच राहिलं. मग लॉर्ड रॅली याच विषयावर काम करत असल्याचं तिला कळलं आणि जानेवारी १८९१ मध्ये तिने त्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. लेडी रॅलींनी भाषांतर केलं आणि रॅलींनी ते स्वतःच्या शिफारशीसह 'नेचर'कडे पाठवलं. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते छापून आलं, पॉकेल्सच्याच नावाने. हे निष्कर्ष आपल्या लेखात मुरवून टाकणं रॅलींना अवघड नव्हतं. त्यांनी तसं केलं नाही.

पुढे अर्विंग लँगम्यूरने हे उपकरण सुधारलं. पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी त्याला १९३२ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, पॉकेल्सला ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. आपल्या फुफ्फुसांच्या वायुकोशांना आतून जो थर असतो, त्याचा अभ्यास आजही अशाच उपकरणात करतात. त्याला नाव मात्र लँगम्यूरचं आहे.

या गोष्टीचा अर्थ "प्रयोगशाळा नसली तरी चालते" असा कृपया काढू नका. तिला प्रयोगशाळा मिळायला हवी होती. ती नाकारली गेली. तिच्याकडून घ्यायची ती सवय. रोजच्या कामात एखादी गोष्ट सुंदर किंवा विचित्र वाटली, तर हात दोन मिनिटं थांबवायचे आणि तीन प्रश्न विचारायचे: यातलं काय बदलतंय? कशाने बदलतंय? मला ते मोजता येईल का? उत्तरं वहीत तारखेसकट लिहा. पहिले दोन प्रश्न आपल्यालाही बरेचदा पडतात. पत्र्याची पट्टी तिसऱ्या प्रश्नातून आली.

आज जेवण झाल्यावर तेलकट ताटात थोडं पाणी घाला आणि साबणाचा एक थेंब सोडा. तवंग कुठे पळतो ते बघा, आणि मगच ताट घासा.