ऱ्हाइनपलीकडची पेठ

सत्तरी पूर्ण झाली त्या दिवशी लेकीनं आणि जावयांनी मला बियर हॉलमध्ये नेलं, हे वाचून काही वाचकांच्या भुवया वर जातील. त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो, की मी अर्धा लिटर घेतली, सौ.नं लिंबाचं सरबत घेतलं आणि नातवानं सर्वांच्या वाटचे प्रेट्झेल संपवले. सदाशिव पेठेतल्या ज्या घरात मी वाढलो, तिथे बियर हा शब्द फक्त वर्तमानपत्रातून यायचा. ज्या राज्यात आरोग्य राखण्यासाठी म्हणून दारू पिण्याचा सरकारी परवाना काढावा लागतो, तिथल्या माणसाला एकाच बाकावर बसलेली आजी, सून आणि पाळण्यातलं मूल, आणि पुढ्यात लिटरभराचे मग, हे दृश्य पचायला थोडा वेळ लागतो.

हे ठिकाण म्हणजे न्यूपोर्टचं होफब्रॉयहाऊस. सिनसिनाटीहून ओहायो नदी ओलांडली की केंटकी राज्य लागतं, तिथे. म्युनिकची मूळ मद्यशाळा बव्हेरियाच्या ड्यूकनं १५८९ साली स्थापन केली. तिच्या धर्तीवरचं अमेरिकेतलं पहिलं होफब्रॉयहाऊस ते हे, २००३ साली उघडलेलं. बियर इथेच बनते, म्युनिकच्या कृतीप्रमाणे. कृती ऐकून सौ. म्हणाली, "म्हणजे मटकीसारखंच की!" खरंच, सातूला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, गरम पाण्यात भिजवून गोड पाणी काढायचं, हॉप्सच्या कडसर फुलांबरोबर उकळायचं आणि गार करून यीस्ट घालायचं. सातू, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालू नये, असा बव्हेरियाचा १५१६ सालचा कायदाच आहे. यीस्टचं नाव त्यात नाही, कारण ते काय असतं हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता माझ्या फजितीची गोष्ट. इंजिनियर होताना मी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये दोन वर्षं जर्मन शिकलो होतो. नातवासमोर जरा ऐट मिरवावी म्हणून वाढायला आलेल्या मुलीला मी जर्मनमध्ये ऑर्डर दिली. ती गोड हसली आणि इंग्रजीत म्हणाली, "मला तेवढं येत नाही हो, मी इथलीच, केंटकीची." बँडवाल्यांनी जर्मन गाणं म्हटलं, साऱ्या हॉलनं मग उंचावून साथ दिली, पण आमच्या लांबलचक टेबलावर त्याचा अर्थ समजणारा मी एकटाच निघालो. नातू म्हणाला, "आजोबा, जर्मन लोकांच्या ठिकाणी तुम्ही एकटेच जर्मन!"

आम्ही सगळे हसलो. शेजारच्या ऐंशीच्या घरातल्या गृहस्थांनाही हसण्याचं कारण सांगितलं, तेव्हा ते मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला आणि एक फोटो दाखवला. पणजोबांचं बायबल होतं, पहिल्या कोऱ्या पानावर घराण्यातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी. "तुम्हाला वाचता येईल का?" त्यांनी विचारलं. छापील अक्षरं मी चाचपडत वाचली. हाताच्या लिखाणाशी मात्र अडलो, कारण ते जुन्या जर्मन वळणाचं होतं. आपल्या मोडीसारखंच समजा. 'जन्म' एवढा एक शब्द आणि दोन-तीन साल लागली, नावं लागली नाहीत. त्यांचे वडील जर्मन समजू शकत, पण बोलत नसत. आजीनं लहानपणी बजावलं होतं, घराबाहेर एक शब्द काढायचा नाही म्हणून.

त्या रात्री मला झोप आली नाही. एक तर आमच्या घरीही मोडी कागदांची एक पेटी आहे, आणि ती मला वाचता येत नाही. दुसरं म्हणजे त्याच आठवड्यात आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीनं एक प्रश्न विचारला होता. रविवारचा मराठी वर्ग मी गेली एकोणीस वर्षं घेतो. एकेकाळी बावीस मुलं होती, यंदा पाच आहेत. गणपतीच्या लेझीमच्या तालमीला मात्र चाळीस मुलं येतात आणि जागा पुरत नाही. तेव्हा पुढच्या वर्षी वर्गाची खोली तालमीला द्यावी का? विचारणाऱ्यांचा हेतू चांगला होता. उत्तर देण्याआधी मला त्या बायबलचं काय झालं ते समजून घ्यायचं होतं.

म्हणून पुढच्या शनिवारी नातवाला घेऊन सिनसिनाटीच्या ओव्हर-द-ऱ्हाइन भागात गेलो. ओव्हर-द-ऱ्हाइन म्हणजे ऱ्हाइनपलीकडचं. पूर्वी शहराच्या मधून मायामी-ईरी कालवा जायचा. त्याच्या उत्तरेला जर्मनांची वस्ती, म्हणून लोकांनी थट्टेनं कालव्याला ऱ्हाइन म्हटलं आणि वस्तीला हे नाव पडलं. १८५० साली सिनसिनाटी सव्वा लाखाच्या आतबाहेरचं, अमेरिकेतलं सहाव्या क्रमांकाचं शहर होतं, आणि त्यातले चौथाईहून अधिक लोक जर्मनीत जन्मलेले होते. विटांची तीन-चार मजली उंच, अरुंद घरं, खाली दुकान आणि वर बिऱ्हाडं. पुण्याच्या माणसाला ही पेठच वाटते.

पेठेत काय नव्हतं? १८४८ च्या जर्मनीतल्या क्रांतीचा बीमोड झाल्यावर फ्रिडरिश हेकर हा पुढारी इथे आला आणि त्याच्या प्रेरणेनं त्याच वर्षी 'टर्नगेमाइंडे' ही संस्था निघाली. टर्नर म्हणजे आपली तालीम, व्यायामही आणि देशकारणही. १८६१ साली यादवी युद्ध सुरू झालं, तेव्हा या तालमींतल्या पोरांनी नवव्या ओहायो पलटणीत नावं घातली आणि तिथले हुकूमही जर्मनमध्ये सुटत. १८४९ साली गायनमंडळांचा मोठा मेळावा इथे भरला. 'फोक्सब्लाट' हे जर्मन वर्तमानपत्र १८३६ पासून निघत होतं. आणि १८४० पासून सरकारी शाळांत जर्मन शिकवलं जाऊ लागलं. पुढे तर अर्धा दिवस जर्मन, अर्धा दिवस इंग्रजी अशी पद्धतच पडली. आम्ही रविवारी दीड तास मागतो, त्यांना सरकारी खर्चानं अर्धा दिवस मिळत होता!

बियर या सगळ्याच्या मध्यभागी होती. क्रिस्टियान मोरलाइन हा बव्हेरियातून १८४१ साली आलेला लोहार. त्यानं १८५३ साली इथे मद्यशाळा काढली आणि ती शहरातली सर्वांत मोठी झाली. जर्मनांची लागर बियर थंडीत सावकाश आंबते आणि मग कित्येक आठवडे गारव्यात मुरते. जर्मन भाषेत लागर म्हणजे कोठार. बर्फयंत्रांच्या आधी हा गारवा मिळवायला त्यांनी घरांखाली दगडी कमानींची खोल तळघरं खणली. आज ती पाहायला तिकीट काढून जाता येतं. नातवाला तळघर फार आवडलं. मला पेशव्यांच्या वाड्यांची तळघरं आठवली.

पण जर्मनांचा रविवार इतरांना खुपत होता. चर्च झाल्यावर बायकामुलांसह बागेत बसायचं, बँड ऐकायचा, बियर घ्यायची, हा त्यांचा रविवार. जुन्या इंग्रजी वळणाच्या लोकांना तो धर्मभंग वाटे. १८५५ च्या एप्रिलमध्ये महापौराच्या निवडणुकीत परदेशी लोकांचा द्वेष करणाऱ्या 'नो-नथिंग' पक्षाच्या जमावानं जर्मन वस्तीतल्या मतपत्रिका नष्ट केल्या. जर्मनांनी कालव्याच्या पुलांवर अडसर उभारले आणि दोनतीन दिवस दंगल चालली. पेठ टिकली.

एवढ्या भक्कम पेठेचं पुढे काय झालं? एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि काही महिन्यांत सारं पालटलं. डिसेंबरात सिनसिनाटी सिंफनीचे संचालक एर्न्स्ट कुनवाल्ड यांना पकडून जॉर्जियातल्या छावणीत ठेवलं. १९१८ साली रस्त्यांची नावं बदलली. ब्रेमेन स्ट्रीटचा रिपब्लिक स्ट्रीट झाला, बर्लिनचा वुड्रो, आणि जर्मन स्ट्रीटचा चक्क इंग्लिश स्ट्रीट! ट्वेल्फ्थ आणि वॉलनट रस्त्यांच्या कोपऱ्यावर १८७७ सालची एक इमारत आहे. तिच्यावरचा जर्मेनियादेवीचा पुतळा युद्धात अमेरिकेची कोलंबिया म्हणून ओळखला जाऊ लागला. मूर्ती तीच, नाव दुसरं. त्यातच दारूबंदीची चळवळ. अँटी-सलून लीग ओहायोतच १८९३ साली, म्हणजे टिळकांनी गणपती चौकात आणला त्याच वर्षी जन्मली होती. आता तिला जर्मन मद्यशाळांविरुद्ध देशभक्तीचं हत्यार मिळालं. ओहायोत २७ मे १९१९ पासून दारूबंदी झाली. मोरलाइनची मद्यशाळा बंद पडली, 'फोक्सब्लाट' त्याच वर्षी थांबला, आणि त्याच वर्षी ओहायोनं कायदा केला की आठवीपर्यंत कुठल्याही शाळेत, खासगीसुद्धा, जर्मन शिकवायचं नाही.

असाच, किंबहुना याहून कडक कायदा नेब्रास्कात होता. तिथल्या हॅम्प्टन गावच्या शाळेत रॉबर्ट मेयर या मास्तरांनी १९२० साली दहा वर्षांच्या मुलाला जर्मनमधून बायबलची गोष्ट वाचायला शिकवली, म्हणून त्यांना २५ डॉलर दंड झाला. मास्तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. ४ जून १९२३ रोजी कोर्टानं सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा रद्द केला, आणि त्याच दिवशी ओहायोचाही. आईबापांना मुलांना आपली भाषा शिकवण्याचा हक्क या देशात आहे, हे त्या निकालानं पक्कं झालं. आपण इथे बालभारतीची पुस्तकं उघडून बिनघोर बसतो, त्यामागे या मास्तरांचे २५ डॉलर आहेत.

इथवर गोष्ट सरळ आहे: युद्ध आलं आणि भाषा गेली. पण निकाल लागला, हक्क परत मिळाला, तरी भाषा परत आली नाही. १९३३ साली दारूबंदी उठल्यावर बियर परत आली. मग भाषा का नाही?

माझ्या मते ती आधीच आतून विरळ झाली होती. जर्मनीहून येणाऱ्यांचा लोंढा १८८२ साली सर्वांत मोठा, सुमारे अडीच लाखांचा होता, मग ओसरत गेला. पैसा आलेली कुटुंबं पेठ सोडून टेकड्यांवर राहायला गेली. मुलं घरात ऐकत जर्मन, पण उत्तर देत इंग्रजीत. हे चित्र आपल्या ओळखीचं नाही का? युद्धानं अर्धवट लोटलेलं दार बंद केलं, एवढंच.

एक गोष्ट मला फार लागली. सिनसिनाटीच्या जर्मन पायोनियर मंडळानं १८६९ पासून १८८७ पर्यंत 'डेर डॉइचे पायोनियर' नावाचं मासिक चालवलं. कोण कुठल्या गावाहून आलं, कोणी काय धंदा काढला, याची भरगच्च नोंद. थोडक्यात, तुमच्या हातात आहे तशीच पुरवणी. बरीच वर्षं संपादक होते हाइनरिश राटरमान. विम्याचा धंदा सांभाळून त्यांनी हे केलं, आणि ती पुतळ्याची इमारतही त्यांच्याच विमा कंपनीची. त्यांचा ग्रंथसंग्रह इलिनॉय विद्यापीठात आहे. म्हणजे नोंद राहिली, कागद राहिले. पण ती नोंद ज्यांच्यासाठी केली, त्या नातवंडांपैकी बहुतेकांना ती वाचता येईना. बायबलाचं पान दाखवणारे गृहस्थ त्यांतलेच.

ओव्हर-द-ऱ्हाइन नंतर फक्त जर्मनांची राहिली नाही. अपालाचियन डोंगरांतले गरीब लोक आले, कृष्णवर्णीय कुटुंबं आली. २००१ साली पोलिसांच्या गोळीनं एका निःशस्त्र तरुणाचा बळी गेला, तेव्हा इथेच असंतोषाचा भडका उडाला. अलीकडे पेठ पुन्हा सजली आहे. मोरलाइनच्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत २०१३ पासून नव्या लोकांची नवी बियर बनते. रस्त्यांच्या पाट्यांपाशी जुनी जर्मन नावंही सांगितलेली आहेत. हे मला चांगलं वाटलं, तरी पाटी म्हणजे बोलणं नव्हे.

परत येताना नातवानं विचारलं, "त्या आजोबांच्या पुस्तकातली नावं आता कोणीच वाचणार नाही?" मी म्हटलं, "शिकलेला कोणीतरी सापडला तर वाचेल." तो म्हणाला, "आणि आपल्या पेटीतली?" मला उत्तर देता आलं नाही.

कार्यकारिणीला मी कळवलं आहे. लेझीमला माझा विरोध नाही. सण, गाणी, खाणं यांना माणसं आपणहून येतात आणि येत राहतील. पन्नास वर्षांनीसुद्धा इथे कुठल्यातरी हॉलमध्ये ढोल वाजेल आणि वडापाव मिळेल, याची मला काळजी नाही. भाषा मात्र आपणहून राहत नाही. ती टिकवायला दर आठवड्याला एक मोठं माणूस आणि एक लहान मूल एका टेबलाशी बसावं लागतं. तेव्हा तालीम दुपारी ठेवावी, सकाळची खोली वर्गालाच राहू द्यावी, ही माझी विनंती त्यांनी यंदापुरती मान्य केली आहे. पुढच्या वर्षी काय होईल, ते मुलांच्या संख्येवर आहे.

वाचकांना एकच सांगणं. घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहा, आणि लिहिताना नातवंडाला शेजारी बसवून त्याच्याच हातानं लिहून घ्या, मराठीत. चुकलं तरी चालेल. आमच्याकडे सुरुवात झाली आहे. माझ्या आईच्या नावात एक वेलांटी चुकली होती, ती त्यानं स्वतःच ओळखून दुरुस्त केली.

वर्ग रविवारी सकाळी दहाला असतो. सध्या मुलं पाच आहेत, खुर्च्या बावीस आहेत.