'नाव-गाव-फळ-फूल' : ग्राह्य उत्तराचे निकष

कागद, पेन्सिल आणि आखलेले चार रकाने एवढ्या साहित्यावर चालणारा 'नाव-गाव-फळ-फूल' हा खेळ मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. एकाने मुळाक्षरे मनात म्हणावयाची, दुसऱ्याने 'थांब' म्हणताच जे अक्षर येईल त्यापासून सुरू होणारे शब्द सर्वांनी लिहावयाचे. एकट्याच्या उत्तरास 10 गुण, इतरांशी जुळणाऱ्या उत्तरास 5 आणि चुकीच्या उत्तरास शून्य, अशी पद्धत सर्वसाधारणपणे रूढ आहे. लेखी नियमावली नसल्याने वाद मात्र हमखास होतात.

अक्षर : 'क' आल्यास त्याची संपूर्ण बाराखडी ग्राह्य धरावी, केळ, कोकम आणि करवंद ही तिन्ही उत्तरे योग्य होत. ङ, ञ, ण आणि ळ ही अक्षरे प्रचलित मराठी शब्दांच्या आरंभी येत नसल्याने ती वगळावीत. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना राज्य शासनाच्या 2009 च्या वर्णमालेत विशेष संयुक्त व्यंजनांचे स्थान आहे. ती स्वतंत्र मानायची की 'क' आणि 'ज' यांत धरायची, हे आधी ठरवावे.

फळ : वनस्पतिशास्त्रानुसार टोमॅटो हे फळ आहे. मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1893 मध्ये आयातकरासाठी त्यास, लोकव्यवहाराच्या आधारे, भाजी ठरविले. खेळातही व्यवहारातील अर्थ प्रमाण मानणे सोयीचे.

दुहेरी अर्थ : 'कल्याण' हे गावही आहे आणि पुरुषाचे नावही. 'जांभूळ' हे फळ आहे, तसेच अंबरनाथ तालुक्यातील गावही. असा शब्द दोन्ही रकान्यांत बसतो. परंतु एका डावात एकाच खेळाडूने तो एकदाच लिहावा.

गाव : ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरात सर्वाधिक वाद याच रकान्यावरून होतो. ठाणे महापालिका 1982 मध्ये, तर कल्याण-डोंबिवली महापालिका 1983 मध्ये अस्तित्वात आली. मग 'ठाणे' हे गाव कसे, असा आक्षेप घेतला जातो. तो मान्य केल्यास पुणे आणि नाशिकही बाद होतील. 27 गावांचे उदाहरण तर बोलके आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेतून 2002 मध्ये वगळलेली ही गावे 2015 मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. प्रशासकीय दर्जा हाच निकष मानला, तर भोपर, संदप, निळजे, दावडी ही उत्तरे एका वर्षी बरोबर आणि दुसऱ्या वर्षी चूक ठरतील. म्हणून स्वतःचे जुने नाव असलेली कोणतीही वस्ती ग्राह्य धरावी. त्यानुसार ठाण्यातील चेंदणी, बाळकुम, कोलशेत आणि डोंबिवलीतील पाथर्ली, आयरे ही उत्तरे योग्य ठरतात. गृहसंकुले, रस्ते आणि चौक यांची नावे मात्र स्वीकारू नयेत.

या नियमाचा आणखी एक लाभ आहे. उंच इमारतींच्या गर्दीत जुन्या गावांची नावे बोलण्यातून मागे पडत असून, नव्या पिढीला ती संकुलांच्या नावांनीच ठाऊक होतात. 10 गुणांच्या ओढीने का होईना, मुले आजी-आजोबांना ती विचारू लागतात.

शंकास्पद उत्तर देणाऱ्याने ते गाव कोठे आहे, एवढे सांगावे. तेवढ्याने समाधान न झाल्यास बहुमत अंतिम मानावे. हे नियम मात्र पहिले अक्षर निघण्यापूर्वीच ठरलेले असावेत.