दिनॉर्विकची खाण आणि तिचा कारखाना

वेल्सच्या उत्तर भागात, लानबेरिस गावासमोर पाडर्न सरोवराच्या पलीकडे एलिडिर डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला दिसतो. ही दिनॉर्विकची पाटीच्या दगडाची खाण. १७८७ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर सुरू झाली आणि १९६९ मध्ये बंद पडली. एकोणिसाव्या शतकात वाढत गेलेल्या ब्रिटिश शहरांची छपरे याच परिसरातल्या दगडाने शाकारली गेली. भरभराटीच्या काळात दिनॉर्विकमध्ये तीन हजारांहून अधिक माणसे राबत होती. याहून मोठी खाण जवळच्या पेनरिनचीच.

काम टोळीच्या ठेक्यावर चाले. टोळीतले काही जण कड्यावर दोराने लोंबकळत सुरुंग लावत, बाकीचे छपरीत बसून दगड फोडत. रुंद पात्याची छिन्नी कडेला टेकवून लाकडी हातोड्याने अलगद ठोकली की दगड पानापानांनी सुटतो; ही नजर वर्षानुवर्षांच्या सरावानेच येते. कडा कसा आहे ते पाहून मुकादम दर महिन्याला दर ठरवी. सुरुंगाच्या दारूचा खर्च मात्र मजुरांच्याच माथी. दर ठरवणाऱ्याची मर्जी आहे की खप्पामर्जी, यावर घरची चूल अवलंबून असल्याने तंटे अटळ होते. दिनॉर्विकमध्ये १८८५-८६ साली मालकांनी टाळेबंदी केली. पेनरिनचा संप तर १९०० ते १९०३ असा तीन वर्षे चालला, आणि संपकऱ्यांच्या खिडक्यांत ‘या घरात फितूर नाही’ अशा पाट्या लागल्या. छातीत धूळ साठून माणसे खंगत, तेव्हा खाणींच्या डॉक्टरांनी दोष दिला तो उकळून काळ्या झालेल्या चहाला.

आज पाटीच्या दगडाचे संग्रहालय आहे ते प्रत्यक्ष खाणीत नव्हे, तर तिच्या पायथ्याशी १८७० मध्ये बांधलेल्या गिल्फाख दू या चौसोपी कारखान्यात. खाणीला लागणारी जवळपास प्रत्येक वस्तू इथे बने किंवा दुरुस्त होई. लोहारांच्या भट्ट्या, ओतशाळा, सुतारकाम, आणि माळ्यावर दातेरी चाकांचे लाकडी साचे. या सगळ्याला फिरवणारी पाणचक्की १५ मीटरहून जास्त व्यासाची आहे. डोंगरावरून नळाने आणलेल्या पाण्यावर ती १९२५ पर्यंत चालली. मग तिची जागा पाण्याच्या झोतावर फिरणाऱ्या लहानशा पेल्टन चाकाने घेतली.

१९६९ मध्ये खाण बंद झाल्यावर यंत्रसामग्री लिलावात निघाली. भंगारात जाण्याआधी कारखाना वाचला तो तिथल्याच जाणकारांच्या धडपडीमुळे, आणि १९७२ मध्ये संग्रहालयाचे दार उघडले. एखाद्या कामगाराने नुकतेच खाली ठेवलेले वाटावे असे अवजार इथे जागच्या जागी दिसते, ते वेळीच झालेल्या या बचावामुळेच. पुढे तानग्रिसिआउ गावातली मजुरांची चार घरे दगड दगड सुटा करून इथे आणली गेली. त्यांतल्या तीन घरांची मांडणी १८६१, पेनरिनच्या संपाचे १९०१ आणि खाण बंद पडल्याचे १९६९ अशा तीन सालांची आहे.

याच एलिडिर डोंगराच्या पोटात १९८४ पासून जलविद्युत केंद्र चालते. रात्री पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि विजेची मागणी वाढली की खाली सोडायचे, अशी त्याची पद्धत. २०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्समधील या दगडखाणींच्या भूप्रदेशाला जागतिक वारसा यादीत स्थान दिले. संग्रहालय २०२४ च्या अखेरीस मोठ्या नूतनीकरणासाठी बंद करण्यात आले.