फुटबॉलमधील प्रतिस्पर्धी व त्यांचे सांस्कृतिक अनुबंध

फुटबॉलच्या मैदानावर परस्परांचे कट्टर प्रतिस्पर्धी असलेले लोकसमूह मैदानाबाहेर पुष्कळदा एकाच सांस्कृतिक वारशाचे वाटेकरी असतात. खेळातील चुरस ही दोन अपरिचितांपेक्षा दोन शेजाऱ्यांतच अधिक तीव्र होते, असे या खेळाच्या इतिहासावरून दिसते. या दृष्टीने दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना व यूरग्वाय ही राष्ट्रे आणि महाराष्ट्रातील कोल्हापूर शहराच्या पेठा ही उदाहरणे उद्‌बोधक आहेत.

अर्जेंटिना व यूरग्वाय : रिओ द ला प्लाता या विस्तीर्ण नदीमुखाच्या एका तीरावर ब्वेनस एअरीझ, तर दुसऱ्या तीरावर माँटेव्हिडिओ ही राजधानीची शहरे वसली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश व्यापारी, रेल्वे कर्मचारी व शिक्षक यांच्यामार्फत दोन्हीकडे फुटबॉलचा प्रसार झाला. १९२८ च्या ऑलिंपिक स्पर्धेच्या अंतिम लढतीत यूरग्वायने अर्जेंटिनावर मात केली. १९३० मध्ये माँटेव्हिडिओ येथे पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना याच दोन संघांत झाला. कोणाचा चेंडू वापरावयाचा यावर एकमत होईना; तेव्हा पूर्वार्धात अर्जेंटिनाचा, तर उत्तरार्धात यूरग्वायचा चेंडू घेण्यात आला. मध्यंतरास २–१ असा पिछाडीवर असलेला यूरग्वाय अखेर ४–२ ने विजयी झाला. त्यानंतर ब्वेनस एअरीझमधील यूरग्वायच्या वकिलातीवर संतप्त जमावाने दगडफेक केली.

मैदानाबाहेर मात्र या राष्ट्रांना विलग करणे कठीण आहे. स्पॅनिश भाषा, गवताळ प्रदेशातील गाउचो या घोडेस्वार गुराख्यांची परंपरा आणि माटे हे पेय दोहोंस समान आहे. टँगो हे नृत्य-संगीत दोन्ही शहरांच्या गरीब वस्त्यांत, यूरोपीय स्थलांतरित व आफ्रिकी गुलामांचे वंशज यांच्या संपर्कातून आकारास आले. ‘ला कुम्पारसिता’ या सुप्रसिद्ध टँगोचा रचनाकार यूरग्वायचा, तर तो प्रथम सादर करणारा वादक अर्जेंटिनाचा होता. सिडनी येथील २००० च्या ऑलिंपिक स्पर्धेत अर्जेंटिनाच्या पथकाने याच सुरावटीवर संचलन केले, तेव्हा यूरग्वायने निषेध नोंदविला. पुढे २००९ मध्ये दोन्ही देशांच्या संयुक्त प्रस्तावावरून युनेस्कोने टँगोचा मानवी सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. वारसा समान असला, तरी त्याच्या मालकीविषयीचा अभिमान आपोआप मावळत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

कोल्हापूरच्या पेठा : महाराष्ट्रात फुटबॉलने लोकजीवनात जे स्थान मिळविले, ते कोल्हापूरमध्ये विशेषत्वाने आढळते. राजर्षी शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) आश्रयाने या शहरात मल्लविद्येचा उत्कर्ष झाला. खासबाग मैदान हे त्याचे स्मारक होय. पेठापेठांतील तालमी ही कुस्तीची केंद्रे होती. पुढे फुटबॉलने याच तालमींचा आधार घेतला, हे येथील वैशिष्ट्य आहे. १९४० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनने या खेळास संघटित रूप दिले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ इ. संघांचे सामने शाहू स्टेडियमवर होतात. संघाचे नाव हेच बहुधा तालमीचे वा मंडळाचे नाव असल्याने जयपराजय हा साऱ्या वस्तीचा मानापमान ठरतो. त्यातून समर्थकांत हाणामाऱ्या होऊन सामने थांबवावे लागल्याचे प्रसंगही घडले आहेत.

तथापि तालीम ही केवळ क्रीडासंस्था नव्हे. गणेशोत्सव, शिवजयंती व मोहरम हे तिच्या वार्षिक जीवनाचे भाग आहेत. कोल्हापुरात अनेक तालमींत मोहरमचे पंजे बसविण्याची प्रथा असून त्यात हिंदूंचा सहभाग मोठा असतो. २०१८ ते २०२० या वर्षांत गणेशोत्सव व मोहरम एकाच सुमारास आले, तेव्हा काही ठिकाणी गणपती व पंजे एकत्र प्रतिष्ठापिले गेले. २०१९ व २०२१ च्या महापुरांत बचाव व मदतकार्यासाठी तालमी व मंडळांचे कार्यकर्ते पुढे आले. एका पेठेची रीत दुसरीस परकी नाही. मिरवणुकीचा मार्ग, हलगीचा ठेका, कुस्तीचा आखाडा ही सर्वांची सामाईक ठेव आहे.

विश्वचषकाच्या काळात या शहरात ब्राझील व अर्जेंटिना यांचे ध्वज आणि खेळाडूंच्या प्रतिमा चौकाचौकांत झळकतात. दूरच्या राष्ट्रांतील चुरस अशा रीतीने स्थानिक चुरशीत मिसळते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघाकडून खेळला, तेव्हा मात्र तो एका पेठेचा न राहता साऱ्या शहराचा झाला.

प्रतिस्पर्ध्याच्या संस्कृतीचा परिचय वैर नाहीसे करतोच असे नाही. नदीमुखाच्या दोन तीरांवरील लोकांचा परस्परपरिचय मुळातच दाट होता. परंतु उत्सव, संगीत व संकटकाळातील साहाय्य यांतून जुळलेले संबंध सामना संपल्यावरही टिकून राहतात. चुरशीला मर्यादा घालण्याचे सामर्थ्य नियमांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, या संबंधांत असते. म्हणून तालमींचे मैदानाबाहेरील सामाईक जीवन टिकविणे, हे खेळाच्या निकोप वाढीच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते.